खालून येणारा आवाज

किटलीची लांब, बारीक तोटी चिनी मातीच्या शंकूवर आणून क्रेनवाल्यानं मनगट जेमतेम वाकवलं. पाण्याची धार दोऱ्याएवढी पडली. कागदातली कॉफी आधी काळवंडली, मग फुगत वर आली आणि तिच्यावर बारीक बुडबुडे धरले. त्यानं किटली बाजूला घेतली आणि ओठ न हलवता तीसपर्यंत आकडे म्हटले.

बायको स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी होती.

"सकाळपासून ही तिसरी," ती म्हणाली.

"दुसरी आंबट झाली. दळण जाड राहिलं."

"मी प्यायले की. मला नाही लागली आंबट."

"तुझ्या जिभेचं काय सांगतेस? सत्तावीस वर्षं माझ्याबरोबर राहून तिला काहीही गोड लागतं."

एरवी ती यावर हसली असती. आज नुसती बघत राहिली, त्याच्या हाताकडे. त्यानं किटली पुन्हा उचलली, मधून सुरुवात करून धार गोल गोल बाहेर नेऊ लागला. छोट्या वजनकाट्यावरचे आकडे चढत होते. शंभर. दीडशे. धार किंचित जाड झाली.

'हळू, वरचे.'

त्यानं मनगट सावरलं. धार पुन्हा दोऱ्याएवढी झाली.

'थोडं डावीकडे. हां. येऊ द्या... येऊ द्या... बस.'

किटली उचलली गेली तेव्हा काट्यावर बरोब्बर अडीचशेचा आकडा होता. क्रेनवाल्यानं मागे वळून बघितलं नाही. सुरुवातीला बघायचा. मागे फ्रिज असायचा, फ्रिजवर लेकीनं लावलेलं मांजराचं चुंबक असायचं. पुढे त्यानं बघणंच सोडलं.

बावीस वर्षं त्यानं गोदीत क्रेन चालवली होती. चौदा मजल्यांच्या उंचीवर, काचेच्या पिंजऱ्यात, दोन दांड्यांमध्ये बसून जहाजातले कंटेनर उचलायचे आणि धक्क्यावर ठेवायचे. त्यातली शेवटची सहा वर्षं खाली हुक लावायला एकच माणूस होता. दोघांचं बोलणं वॉकीटॉकीवरच. पहिल्या आठवड्यात नावं सांगून झाली होती, पण वाऱ्यात नावं नीट ऐकू येत नाहीत, म्हणून हा झाला 'वरचे' आणि तो झाला 'खालचे'.

"वरचे, अर्धा हात डावीकडे."

"घ्या खालचे. आणखी काही सेवा?"

"तुमचा ढग जरा बाजूला सरकवा, ऊन अडतंय."

असं सहा वर्षं. आणि या सहा वर्षांत क्रेनवाल्यानं त्याचा चेहरा एकदाही बघितला नव्हता. हा पहाटे सगळ्यांच्या आधी शिडी चढायचा, डबा वरच खायचा आणि उतरेपर्यंत खालच्यांची बस निघून गेलेली असायची. वरून दिसायचं ते एवढंच: बशीएवढं पिवळं हेल्मेट, आणि त्याच्या दोन बाजूंना हातमोज्यातले दोन हात. भेटू एकदा, असं दोघंही म्हणायचे. शेजारच्या गावातल्या माणसाला म्हणावं तसं.

अकरा महिन्यांपूर्वी, वाऱ्याच्या एका दुपारी, खाली येणारा कंटेनर झुलला आणि पिवळं हेल्मेट त्याच्या आणि रचलेल्या कंटेनरांच्या मधे सापडलं.

चौकशी झाली. अहवालाचं एक पान क्रेनवाल्याला वाचायला दिलं. त्यात दोन कारणं होती. अचानक आलेला वारा हे पहिलं. दुसरं असं: 'खालील कामगाराने थांबण्याचा इशारा दिल्याचे आढळत नाही.' त्यानं दिलेल्या जागी सही केली. त्यानंतर तो शिडी चढला नाही. पहिल्याच पायरीवर पाय असा कापायला लागला, की मुकादमानंच त्याला हाताला धरून बाजूला घेतलं. आता तो सुट्या भागांच्या कोठारात बसून नटबोल्ट द्यायचा.

आणि हात थरथरायचे. चमचा बशीवर वाजायचा, दाढी करताना गाल कापायचा. लेक परगावी नोकरीला होती. तिनं फोनवर आईकडून हे काढून घेतलं आणि एक खोकं पाठवलं: हातानं फिरवायची दळणी, लांब तोटीची किटली, शंकू, कागद, काटा आणि भाजलेल्या बियांची पिशवी. "बाबा, घरी चांगली कॉफी करायला शिका," ती म्हणाली. "हाताला काम होईल आणि आईलाही काहीतरी चांगलं प्यायला मिळेल. बिया जाड्या मिठाएवढ्या दळायच्या. पाणी उकळलं की अर्धा मिनिट थांबायचं. आधी थोडं ओतून फुलू द्यायची. आणि मग हळू, बाबा. सगळी मेख हळू ओतण्यात आहे."

पहिले आठ दिवस पाणी कागदाबाहेर, ओट्यावर, त्याच्या पायावर गेलं. कॉफी काढ्यासारखी कडू झाली. दळण जाड केलं, तर ती पाणचट आणि आंबट झाली. नवव्या दिवशी किटली धरून तो ओट्यापाशी उभा होता आणि पाठीमागून, जरा खालच्या अंगानं, स्वच्छ आवाज आला: 'हळू, वरचे.'

त्याच्या पाठीवर काटा आला. पण बावीस वर्षांच्या सवयीनं हातानं आधी ऐकलं, मग कानांनी. हात हळू झाला. त्या दिवशी बायको कपावरून वर बघत म्हणाली होती, "अहो, ही कुठे शिकलात?"

तेव्हापासून रोज. आवाज कामापुरतंच बोलायचा. हळू. डावीकडे. येऊ द्या. बस. कॉफी अशी व्हायला लागली, की वरच्या मजल्यावरचा दंतवैद्य जिन्यात थांबून वास घ्यायचा. क्रेनवाला आणखी बारकाईनं करायचा. एक कप झाला की दुसरा, दुसरा झाला की तिसरा. बायकोला वाटायचं, माणूस कशात तरी रमला. तो रमला नव्हता. एक शब्द होता, जो तो आवाज कधीच उच्चारत नव्हता, आणि क्रेनवाला रोज ओट्यापाशी उभा राहून त्याची वाट बघत होता.

बेल वाजली. बायको दार उघडायला गेली. रविवार होता, दहा वाजत आले होते.

"आहेत का घरी?"

क्रेनवाल्याच्या हातातला कप ओट्याच्या कडेवर आपटला. तोच आवाज. पण पाठीमागून नाही, बाहेरच्या दारातून. आणि यापूर्वी तो आवाज कधी दुसऱ्या कुणाशी बोलला नव्हता.

"आहेत ना," बायको म्हणाली. "आपण कोण?"

तिलाही ऐकू आला. क्रेनवाल्यानं दोन्ही हात ओट्यावर टेकले आणि तो तसाच उभा राहिला. बायको त्याला बोलवायला आत आली तेव्हा तिनं आधी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग फुटक्या कपाकडे.

"गोदीतल्या त्या माणसाचे धाकटे भाऊ आलेत," ती हळू आवाजात म्हणाली. "या बाहेर."

बाहेर पस्तिशीचा, चष्मा लावलेला एक माणूस खुर्चीच्या कडेवर बसला होता. त्याच्या बाहीवर खडूचा पांढरा डाग होता. क्रेनवाला समोर बसला. बसताना त्यानं खुर्चीचा हात चाचपून घेतला.

"माफ करा," तो माणूस म्हणाला. "आवाजामुळे दचकला असाल. दादासारखाच आहे, मला माहीत आहे. आईसुद्धा फोनवर फसायची. आता मी फोन करायच्या आधी तिला मेसेज टाकतो. मी आहे, म्हणून."

"दिसताही त्यांच्यासारखेच?"

"नाही हो. दादा अंगानं चांगला भरलेला. नाक आईचं." मग तो थांबला. "तुम्ही त्याला बघितलं नव्हतंत?"

"वरून."

भावानं मान हलवली.

"दादा घरी तुमच्याच गोष्टी सांगायचा," तो म्हणाला. "वरचे असं म्हणाले, वरचे तसं म्हणाले. तुम्ही फ्लास्क घेऊन चढायचात ना? घोट घेतला, की 'आहाहा' म्हणायचात, आणि वॉकीचं बटण दाबलेलंच असायचं. हा खाली उन्हात, कोरड्या घशानं तुमचं 'आहाहा' ऐकतोय. आम्हाला नक्कल करून दाखवायचा." तो हसला आणि लगेच गप्प झाला. "एकदा त्या कॉफीत काय आहे ते बघायचं आहे, म्हणायचा."

क्रेनवाला उठला.

"कॉफी करतो," तो म्हणाला.

त्यानं बिया मोजल्या, दळल्या. पाणी उकळलं, अर्धा मिनिट थांबला. बाहेर तो आवाज बायकोशी बोलत होता, शाळेत भूगोल शिकवतो, मुलगी चौथीत आहे, असं काहीबाही. क्रेनवाल्यानं शंकूवर किटली आणली आणि तो वाट बघू लागला. पाठीमागे काहीच नव्हतं. त्यानं धार सोडली. हळू, असं कुणी म्हणालं नाही. बस, असंही कुणी म्हणालं नाही. पाणी कागदाच्या कडेवरून वाहिलं, शंकूबाहेर आलं, काट्यावर पसरलं आणि आकडे विझले. तेव्हा कुठे त्यानं किटली खाली ठेवली. जे उतरलं होतं ते त्यानं तीन कपांत ओतलं आणि ट्रे दोन्ही हातांनी धरून बाहेर नेला. ट्रेवर कप वाजत होते. भावानं उठून तो हातातून घेतला.

"मी कशासाठी आलो ते सांगतो," कप तसाच ठेवून भाऊ म्हणाला. "तो अहवाल आहे ना, तो आईनं मला तीनदा वाचायला लावला. इशारा दिला नाही, असं लिहिलंय. म्हणजे चूक त्याची, असाच त्याचा अर्थ. शेजारीपाजारी म्हणतात, बेसावध असेल. आई म्हणते, तो गेला हे मी मानते. तो गप्प होता, हे मी मानत नाही. लहानपणी तो झोपेतसुद्धा बोलायचा."

क्रेनवाला ऐकत होता. नजर कपावर होती.

"वॉकीवर फक्त तुम्ही होतात. तुम्ही चौकशीत सांगितलंत, नुसती खरखर होती. तसंच असेल. पण त्या खरखरीत काही... म्हणजे अर्धं अक्षर जरी असलं तरी. 'आई' म्हणाला असेल. असं म्हणतात लोक शेवटी. तुम्हाला तेव्हा वाटलं नसेल, पण आता आठवून..."

चष्मा काढून त्यानं तो रुमालानं पुसायला घेतला. पुसायची काही गरज नव्हती.

किती सोपं होतं. 'हो, आता आठवतंय, आईच म्हणाले,' एवढं बोललं की झालं. समोरचा माणूस ते दोन्ही हातांनी घेऊन घरी गेला असता. क्रेनवाल्यानं बायकोकडे बघितलं. ती दाराशी उभी होती. रस्ता ओलांडणाऱ्या माणसाकडे आपण गच्चीतून बघतो, तशी ती त्याच्याकडे बघत होती. हाक मारली तर तो मधेच थबकेल, म्हणून न बोलता.

"खरखर नव्हती," क्रेनवाला म्हणाला.

भावाचा हात चष्म्यावर थांबला.

"कंटेनर निम्म्यावर आला होता. वारा होता, पण तसा रोजच असतो. मी उजव्या हातानं फ्लास्क उघडायला गेलो. तो मांडीवर सांडला. कढत होता. मी वाकलो, डाव्या हातातला दांडा ओढला गेला आणि कंटेनर झुलला. तेव्हा ते म्हणाले, थांबा. स्वच्छ ऐकू आलं. खरखर वगैरे काही नव्हती. मी मांडीवरची पँट ओढून धरत होतो. मग पुन्हा म्हणाले." त्यानं श्वास घेतला. "हात दांड्यावर परत यायला मला दोन श्वास लागले असतील. तीन नाही. दोन."

"मग चौकशीत..."

"त्यांनी विचारलं, वॉकीवर काही ऐकू आलं का. मी म्हणालो, खरखर. का म्हणालो माहीत नाही. तोंडातून तोच शब्द आला. पुढचं बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी ते लिहून घेतलं होतं आणि पुढचा प्रश्न विचारला होता."

खोलीत कॉफीचा वास भरून राहिला होता. कुणी कपाला हात लावला नव्हता.

"मलम मीच लावलं होतं त्या रात्री," बायको दारातून म्हणाली. कुणाला उद्देशून, ते कळलं नाही. "म्हणाले, गोदीतल्या नळाला कढत पाणी आलं. मी पुढे विचारलं नाही. रोज मनात म्हणायचे, आज विचारीन."

क्रेनवाल्यानं तिच्याकडे वळून बघितलं. तिनं नजर वळवली नाही.

भावानं चष्मा लावला. त्याचा चेहरा लाल झाला होता, जबडा आवळलेला. तो उठून खिडकीपाशी गेला, पाठ करून उभा राहिला.

"हे लिहून द्याल?" त्यानं विचारलं.

"देईन."

"गोदीतही?"

"हो. उद्या जातो."

"आधी आईला सांगा."

"सांगतो. कुठे यायचं?"

"खाली. गाडीत बसलीय."

"अगं बाई," बायको पुढे आली. "इतका वेळ त्यांना खाली बसवून ठेवलंत? वर का नाही आणलंत?"

"चार जिने तिला चढवत नाहीत. आणि..." भाऊ खिडकीतून खाली बघतच बोलला, "तीच म्हणाली, आधी तू जा. मला बघितलं तर ते माझ्या समाधानाचं काहीतरी सांगतील."

बायको आत गेली. तिनं आणलेल्या कपात ट्रेमधलीच कॉफी होती, गरम करून, वर बशी झाकून. तिनं तो नवऱ्याच्या हातात दिला. तो नको म्हणणार होता. तिनं त्याची बोटं कपाच्या कानाभोवती मिटवली आणि हात काढून घेतला.

चार जिने तो एकटा पुढे उतरला, भाऊ मागून. बशी सतत वाजत होती. दुसऱ्या मजल्यावर कॉफी अंगठ्यावर सांडली. तो थांबला नाही.

गाडी फाटकासमोर, भिंतीला लागून उभी होती. पुढच्या सीटवर एक लहानखुरी बाई बसली होती. पांढरे केस मागे घट्ट बांधलेले, अंगावरचा पट्टा अजून लावलेला, जणू गाडी चालूच आहे. भावानं चालकाच्या बाजूचं दार उघडून दिलं आणि स्वतः भिंतीपाशी जाऊन उभा राहिला. क्रेनवाला आत बसला. म्हातारीनं कप घेतला, बशी मांडीवर ठेवली. प्यायली नाही.

"तुम्ही वरचे," ती म्हणाली.

"हो."

"बोला."

त्यानं सांगितलं. वर सांगितलं होतं तेवढंच, त्याच क्रमानं. फ्लास्कचं सांगताना आवाज गेला, तर ती थांबून राहिली. मधे एकदाही तिनं त्याला अडवलं नाही. रस्त्यावर सायकली जात होत्या, समोरच्या दुकानात कुणीतरी फळ्या ठोकत होतं, गाणं लावलेलं होतं.

"दोनदा म्हणाला?"

"दोनदा."

"पहिल्यांदा काय?"

"थांबा."

"आणि दुसऱ्यांदा?"

"थांब."

म्हातारीनं मान वळवली. इतका वेळ ती समोरच्या काचेतून बघत होती.

"एरवी तुम्हाला अहोजाहो करायचा ना?"

"सहा वर्षं. थट्टेतसुद्धा."

"घाबरला की त्याचं असंच व्हायचं," ती म्हणाली. "मास्तरांनासुद्धा अरेतुरे करायचा. मार खायचा त्यासाठी." तिचा अंगठा कपाच्या कडेवरून फिरत होता. "ओरडला का?"

क्रेनवाल्यानं आठवायचा प्रयत्न केला नाही. आठवायला विसरावं लागतं.

"ओरडले नाहीत. म्हणजे, मोठ्यानं होतं. पण ओरडणं नव्हतं ते. कसं होतं, ते मला सांगता येत नाही."

"मग सांगू नका. म्हणून दाखवा."

त्यानं तिच्याकडे बघितलं.

"धाकट्याचा आवाज आहे त्याच्यासारखा," ती म्हणाली. "पण त्यानं ते ऐकलेलं नाही. तुम्ही ऐकलंय. जसं म्हणाला तसं म्हणा."

तिनं कप पुढे, काचेखालच्या सपाट जागेवर ठेवला. पट्ट्याचं बटण दाबून तो सोडवला आणि पूर्ण त्याच्या बाजूला वळली. मग हात मागे नेऊन तिनं आपल्या बाजूची काच वर केली. फळ्यांची ठोकाठोक आणि गाणं बाहेर राहिलं. तिनं दोन्ही हात मांडीवर घेतले.

"म्हणा," ती म्हणाली.